परमुलखातली वटणावळ

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात मादन हिप्परगा नावाचे गाव आहे. मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा ज्यांच्या ओठी खेळतात त्या सीमापट्ट्यातील हे गाव. गोव्याच्या वाचकाला त्याचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु त्या टापूतील माणसे त्याला चांगलीच परिचयाची आहेत. आपल्या इमारतींच्या पाया-भिंतींत कलबुर्गी-विजापूरकडच्या मजुरांचा घाम मुरलेला आहे. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला आपलाच पैसा हाती घेण्यासाठी काय मोजावे लागते, हा आजच्या लेखाचा विषय असल्यामुळे आरंभ या गावापासून करणे आम्हांला उचित वाटते.

निजामाच्या राजवटीत हा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानात हाली शिक्का चाले, तर सोलापूरच्या अंगाला इंग्रजांचा कलदार रुपया. सरकारी भाव सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे शंभर कलदार रुपयांना हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. सोलापूरच्या कापडगिरणीत कलदार पगार घेणाऱ्याला गावी परतताना तो मोडून घ्यावा लागे आणि सोलापूरच्या पेठेत खरेदीला निघालेल्या शेतकऱ्याला हाली नाणे कलदारात वटवावे लागे. या अदलाबदलीत सराफ जे घेई ती वटणावळ. सराफमंडळी धर्मराजाचे अवतार होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांच्याबाबत एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाव तोंडावर विचारता येई, घासाघीस करता येई, आणि नच पटले तर शेजारच्या पेढीची पायरी चढता येई. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर १९५० मध्ये भारतीय रुपया तेथे आला, १९५१ मध्ये हाली शिक्का काढणे थांबले आणि १९५९ मध्ये तो व्यवहारातून कायमचा बाद झाला. सीमेवरची ती वटणावळ त्याबरोबर संपली, असे त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही.

गोमंतकीयालाही या अनुभवाचे अप्रूप नाही. पोर्तुगीज अमदानीत येथे ‘बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु’चा रुपिया चालला, १९५९ पासून त्याच्या जागी एका रुपियाला सहा या हिशेबाने एश्कुद आले. मुंबईत गिरगाव-धोबीतलाव भागात राहून नोकरी करणाऱ्याने घरी पाठवलेला पैसा एका चलनातून दुसऱ्या चलनात जाताना वाटेत झिजल्यावाचून पोचत नसे. (याच बँकेत गहाण पडलेले गोमंतकीयांचे सोने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला गेले आणि ते परत यायला १९९१ साल उजाडावे लागले, हेही येथे आठवते.)

आता सराफाच्या जागी यंत्र आले आहे. शिलाँग येथे जन्मलेल्या जॉन शेपर्ड-बॅरन या इंग्रज गृहस्थाच्या कल्पनेतून उतरलेले पैसे देणारे यंत्र २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेने लंडनजवळच्या एन्फिल्ड येथे बसविले. त्यातून एका वेळी दहा पौंड निघत. आपल्याकडे पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत आले. यंत्राचे मोठेपण हे सांगितले गेले की, आता गिऱ्हाइकाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. ते खरे ठरले. मात्र भाव विचारायला तोंडच उरले नाही, हा त्याचा दुसरा अर्थ तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही.

परदेशात गेलेल्या माणसाची गत काय होते ते पाहा. थायलंडमधील बँकांनी २००९ मध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी १५० बाट घेण्यास प्रारंभ केला. पुढे हा आकडा चढत २२० बाटपर्यंत गेला. आपल्या हिशेबाने ही रक्कम सहाशे रुपयांच्या घरात जाते. जो गडी एका वेळी वीस हजार बाट काढतो त्याला ही आकारणी शेकडा एक-सव्वा पडते. ज्याला हजारच बाट हवे आहेत त्याला ती शेकडा बावीस पडते. काबुली पठाणानेही या व्याजाकडे आदराने पाहिले असते! अमेरिकेत व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या जाळ्यांनी १९९६ च्या एप्रिलमध्ये परक्या बँकेच्या कार्डावर यंत्रमालकांनी अधिभार घेण्यावरील बंदी देशभर उठविली. तेव्हापासून तेथे दर खेपेस दोन-तीन डॉलर किंवा त्याहून अधिक देण्याची जनतेला सवय झाली आहे.

आणि हा झाला केवळ यंत्रमालकाचा वाटा. आपली इकडची बँक परदेशातून पैसे काढल्याबद्दल शे-सव्वाशे रुपये वा अधिक निराळे घेते, विनिमयाच्या दरावर बहुधा तीन-साडेतीन टक्क्यांचा चढावा ठेवते, आणि या सेवेवर सरकारचा वस्तू व सेवा कर बसतो तो वेगळाच. एक घास तिघांत वाटला जातो, आणि ज्याचे ताट आहे तो चौथा. जहाजावर कामाला गेलेला आमचा खलाशी बंदरात उतरून चार पैसे काढतो, किंवा दुबईत नव्याने नोकरीस लागलेला फोंड्या-डिचोलीचा मुलगा तेथील खाते उघडेपर्यंत घरच्या कार्डावर दिवस ढकलतो. आज किती गेले हे त्यांना त्या क्षणी कळत नाही. ते कळते महिन्याअखेर खात्याचा उतारा पाहताना, आणि तोही समजून घ्यायला लेखापाल हवा!

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे. परक्या देशातील यंत्र मोठ्या आदबीने विचारते, ‘आपल्या खात्यातून रक्कम रुपयांत वजा करू काय?’ घरचे चलन पाहून माणसाला माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते आणि तो होकाराची कळ दाबतो. तेथेच फसगत होते. रुपयाचा तो दर यंत्रमालकाने स्वतःच्या सोयीने बांधलेला असतो आणि बहुतेक वेळा तो कार्डाच्या जाळ्याच्या दराहून बराच वाईट असतो. अशा वेळी नकार देऊन स्थानिक चलनातच रक्कम घ्यावी, हे प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने गाठीशी बांधून ठेवावे. नकार दिला म्हणून पैसे मिळत नाहीत असे नाही. पण पडद्यावरील शब्दरचनाच अशी असते की, भोळ्या माणसाला तसा धाक वाटावा. हा धाक अजाणता निर्माण झाला आहे, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

बँकांची बाजू ऐकूनच घ्यायची नाही, असा आमचा हट्ट नाही. यंत्राला जागेचे भाडे लागते, पहारा लागतो, वीज लागते, रोकड नेणाऱ्या बंदोबस्ताच्या गाड्या लागतात. मोबाइलवरून देणे-घेणे वाढल्यामुळे काही ठिकाणी यंत्राकडे फिरकणारे कमी झाले आणि तोच खर्च थोड्यांवर पडू लागला, हेही मान्य करू. परंतु या सर्व खर्चात परदेशी कार्डामुळे भर पडते ती किती? नोट मोजणारे चाक नोट कोणाच्या खात्यातली आहे हे पाहत नाही. कार्ड परके असल्याची किंमत एवढी जबर लावली जाते, कारण परका मनुष्य भांडायला पुन्हा येणार नाही. त्याचे त्या बँकेत खाते नसते, त्या देशात मत नसते, आणि तक्रार गुदरायची कोणाकडे हे त्याला ठाऊक नसते. आमच्या मते या दरवाढीचे खरे इंगित एवढेच आहे.

इच्छा असेल तेथे मार्ग कसा निघतो ते युरोपात पाहावयास मिळते. युरोपीय संघाने २००१ मध्ये नियम केला आणि १ जुलै २००२ पासून एका सदस्य देशाच्या माणसाने दुसऱ्या सदस्य देशातील यंत्रातून युरो काढले तर स्वदेशी व्यवहाराला पडेल तेवढेच शुल्क घेण्याचे बंधन बँकांवर आले. पुढे २०१९ मध्ये चलन बदलून देण्याच्या त्या आदबशीर प्रश्नालाही वेसण घालण्यात आली. यंत्राचा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदराहून किती टक्के चढा आहे, हे व्यवहारापूर्वी दाखविणे एप्रिल २०२० पासून तेथे बंधनकारक झाले. तेथील बँकांचे दिवाळे वाजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

स्वदेशात काय चालले आहे? १ एप्रिल २००९ पासून रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या बँकेचे यंत्र वापरणे विनामूल्य केले आणि लोकांनी तिला दुवा दिला. तो आनंद अल्पायुषी ठरला. त्याच वर्षी मोफत खेपांवर मर्यादा आली. नोव्हेंबर २०१४ पासून सहा महानगरांत ती तीनवर उतरली, अन्यत्र पाच राहिली. मर्यादेपलीकडील शुल्क वीस रुपयांचे जानेवारी २०२२ मध्ये एकवीस झाले आणि १ मे २०२५ पासून तेवीस रुपयांपर्यंत घेण्यास मुभा मिळाली. वर कर आहेच. म्हणजे सत्तावीस रुपये चौदा पैसे. खात्यात किती शिल्लक आहे एवढे पाहणेसुद्धा या मोफत खेपांत मोजले जाते.

मोठ्या पगारदाराला सत्तावीस रुपयांचे काही वाटणार नाही. परंतु मादन हिप्परग्याहून सोलापुरात, पुण्यात वा आपल्या वास्कोत मजुरीला गेलेल्या माणसाची रीत निराळी असते. पत्र्याच्या खोलीत रोकड ठेवण्याची सोय नाही, म्हणून तो पाचशे-पाचशे करून काढतो. ज्या बँकेत त्याचे खाते आहे तिची शाखा गावाकडे, आणि येथे जवळ जे यंत्र आहे ते दुसऱ्याच बँकेचे. सहाव्या खेपेला पाचशे रुपयांवर सत्तावीस रुपये म्हणजे शेकडा पाचाहून अधिक. त्याच्या आजोबांच्या वेळी निदान नाणी दोन होती. आज नाणे एक, राष्ट्र एक, आणि वटणावळ मात्र कायम.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. कळंगुट, हरमल, पाळोळे येथील यंत्रांसमोर परदेशी पाहुणे उभे असतात. आपल्याकडील अनेक बँका त्यांच्या कार्डावर दर खेपेस शेकडो रुपये घेतात. शिवाय एका खेपेस बहुधा दहा हजारांहून अधिक निघत नाहीत, म्हणून खेपा वाढतात आणि शुल्कही. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत हेच पाहुणे दिवसाला दोन-अडीच हजारांसाठी रांगा लावून उभे होते, तेव्हा आपल्याला त्यांची दया आली होती. पर्यटनावर पोट असलेल्या राज्याने टॅक्सीचे दर आणि शहाळ्याची किंमत यांवर विधानसभेत तासन्तास खल करावा आणि पाहुणा गोव्यात उतरल्यावर ज्या पहिल्या गोष्टीला हात लावतो त्या यंत्राविषयी मौन पाळावे, हे आम्हांला शोभादायक वाटत नाही. परदेशात आपल्या मुलांना लुबाडतात म्हणून कंठशोष करण्याचा अधिकार आपण येथेच गमावून बसतो.

मोबाइलवरून परदेशात थेट रुपयांच्या खात्यातून देणे देण्याची सोय वाढते आहे. सिंगापूरशी पैसे पाठवण्याची जोडणी फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली, श्रीलंका आणि मॉरिशस येथे ती सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु रोकडीवाचून ज्यांचे चालत नाही ते खलाशी, मजूर आणि वृद्ध प्रवासी तेवढ्याने सुटत नाहीत.

रिझर्व्ह बँकेला परदेशातील यंत्रांचे नियमन करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या बँकांनी लावायचे शुल्क आणि विनिमयावरील चढावा तिच्या अखत्यारीत आहे. परदेशात पैसे काढताच यंत्राने किती घेतले, आपल्या बँकेने किती घेतले आणि दर काय लावला, हे रुपयांत त्याच मिनिटाला मोबाइलवर कळवण्याचे बंधन ती घालू शकते. जानेवारी २०२० मध्ये, मागितल्यावाचून कोणाचे कार्ड परदेशी वापरासाठी खुले ठेवू नये, असा आदेश तिने काढलाच होता; तोच अधिकार येथे वापरावा. ठरावीक शुल्काला रकमेच्या प्रमाणात कमाल मर्यादा घालावी, म्हणजे पाचशे काढणारा पन्नास हजार काढणाऱ्याच्या वाटचे ओझे वाहणार नाही. आणि आपल्या भूमीवरील यंत्रांत परदेशी कार्ड घातल्याबरोबर, रक्कम दाबण्यापूर्वी, शुल्काचा पूर्ण आकडा पडद्यावर ठळक दिसला पाहिजे. गोवा सरकारने हा आग्रह बँकांच्या राज्यस्तरीय समितीच्या पुढच्याच बैठकीत धरावा आणि आरंभ किनाऱ्यावरील यंत्रांपासून व्हावा.