दिवाळीच्या वाचनात ख्रिस्ती ग्रंथ का असावेत?

अभ्यंगस्नान आटोपले, देवापुढे निरांजन लागले, फराळाची ताटे रिकामी झाली, की मराठी घरातला हात आपसूक दिवाळी अंकाकडे वळतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हा सण आणि वाचन यांची जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. यंदा या सुट्टीच्या वाचनात अंकांच्या जोडीला दोन-चार ख्रिस्ती ग्रंथ असावेत, अशी शिफारस आम्ही करीत आहोत. धर्मनिष्ठ वाचकांच्या पानावर अशी शिफारस पाहून काही भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यामागील शंका प्रामाणिक आहेत आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली शंका अशी की, अशा वाचनाने घरातील मुले स्वधर्मापासून दुरावणार नाहीत काय? ज्यांच्या मनात ही भीती आहे त्यांनीच सर्वांआधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत, असे आमचे मत आहे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र काही नवे नव्हे. परंतु २०१७ साली शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, आणि मराठी वाचनाची सवय तुटलेल्या नव्या पिढीलाही ते आता खुले झाले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा एका कर्मठ ब्राह्मण घरावर जो वज्राघात झाला, त्याचे इतके प्रांजळ वर्णन धर्मांतराच्या कोणत्याही विरोधकानेही केलेले नाही. पतीपासून दूर, काही काळ तर साक्षात पंढरपुरात, आप्तांच्या आश्रयाने काढलेली ती वर्षे लक्ष्मीबाईंनी काहीही न लपविता सांगितली आहेत. माहेरचे सोवळे असे, की वडील बाजारातून आलेले मीठही धुऊन घेत! त्या घरात वाढलेली ही स्त्री पतीकडे परतली. परंतु बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या विचाराने. ज्या ग्रंथात धर्म सोडणाऱ्याची ओढ आणि त्यामुळे पोळलेल्यांचे अश्रू एकाच लेखणीतून उतरले आहेत, तो ग्रंथ कोणाच्या मुलाला फसवील, हे आम्हांस संभवत नाही. आमच्या घरी आजीच्या लाकडी पेटीत ‘हरिविजय’ आणि ‘स्मृतिचित्रे’ शेजारी शेजारी असत. आजीची एकादशी त्यामुळे कधी चुकली नाही.

दुसरी शंका इतिहासाची आहे आणि ती अधिक जड आहे. पोर्तुगीज अमलात गोमंतकातील देवळे पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा ही दैवते भक्तांनी रातोरात खाडीपलीकडे फोंड्याच्या बाजूस हलविली. ती ज्यांची कुलदैवते आहेत, अशी कुटुंबे आमच्या वाचकांत कितीतरी असतील. ते दुःख विसरा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी शिकून अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते छापून निघाले, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे. सत्तेने देवळे मोडली, तरी त्या सत्तेच्या छायेत वावरणाऱ्या धर्मोपदेशकाला आपला देव सांगण्यासाठी ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीचाच आश्रय घ्यावा लागला. जखम आणि ओवी, दोन्ही लक्षात ठेवणे हेच सुजाण वाचकाचे लक्षण होय.

आता अलीकडच्या ग्रंथांकडे वळू. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून काहींनी विरोध केला होता. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे एखादे पुस्तक वाचले होते, असा प्रश्न आम्हांस तेव्हाही पडला होता. गोरोबाकाकांच्या तेर गावाचा तो जिल्हा. तेथे संतसाहित्यावर प्रेम करणारा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्षपदी बसला, यात आम्हांस विसंगती दिसली नाही. २०२४ च्या जुलै महिन्यात ते निवर्तले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ हे शेजाऱ्याचा धर्मग्रंथ प्रत्यक्ष काय सांगतो ते सोप्या मराठीत कळण्याचे उत्तम साधन आहे. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र वाटणाऱ्या भूमीची कथा आहे. रोजच्या वर्तमानपत्रातील तेथील युद्धवार्ता त्याशिवाय नीट उमगणार नाहीत. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मचरित्र. वसईची हिरवाई आणि पाणी वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरणारा धर्मगुरू कसा घडला, हे त्यात वाचावयास मिळते.

कथात्मक साहित्यात आम्ही दोन परदेशी कादंबऱ्या सुचवितो. इंग्रजी वाचणारी मुले घरात असतील तर त्यांच्यासाठीच त्या आणाव्यात. मॅरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेच्या ‘गिलियड’ला २००५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. शहात्तर वर्षांचा, हृदयविकाराने खंगलेला एक पाद्री आपल्या सात वर्षांच्याही न झालेल्या मुलासाठी लिहून ठेवतो, एवढेच तिचे कथानक. तीत पाद्र्याचा आजोबा येतो. घरातील जे हाती लागेल ते तो गरिबांना देऊन टाकतो आणि सून बिचारी चार नाणी लपवून ठेवते. हे वाचताना देहूची आवली आठवली नाही, असा वारकरी विरळा. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या टिळकांबरोबर संसार रेटणाऱ्या लक्ष्मीबाईही तिच्याच बहीण. भक्ताचे चरित्र सगळेच गातात. त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली, हे या पुस्तकांत दिसते.

दुसरी कादंबरी जपानी लेखक शुसाकु एन्दो यांची ‘सायलेन्स’, १९६६ सालची. सतराव्या शतकात जपानी राज्यसत्तेने ख्रिस्ती भाविकांचा छळ मांडला, त्यांना येशूची प्रतिमा पायदळी तुडविण्यास भाग पाडले. आणि देव मात्र गप्पच राहिला. ‘तू बोलत का नाहीस?’ हा त्या पाद्र्याचा आक्रोश विठ्ठलाशी भांडलेल्या कोणत्याही भक्ताला परका वाटणार नाही. गोव्यात जो धर्म सत्तेवर होता, तोच जपानात पायाखाली होता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे दोष कोणत्या देवाचा नसून सत्तेच्या मदाचा असतो, हे ध्यानी येते.

सरसकट सारे ख्रिस्ती साहित्य उत्तम, असा आमचा दावा नाही. बाबा पदमनजींच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या दुःखाची कळकळ खरी आहे, पण कथेच्या मानेवर उपदेश बसला, की कथा वाकते. ज्या पुस्तकात शेवटी धर्म बदलला म्हणजे सगळी संकटे टळतात, ते पुस्तक खुशाल बाजूस ठेवावे. हाच न्याय आपल्याकडील चमत्कारांच्या पोथ्यांनाही लावावा, एवढे मात्र आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दिवाळीत आपण फराळाचे ताट शेजारी पाठवितो. डिसेंबरात वसईकडील ख्रिस्ती स्नेह्यांकडून नाताळचे ताट येते. पदार्थांची ही देवघेव आपण कधी संशयाने पाहिली नाही. ग्रंथांची देवघेव त्याहून धोक्याची कशी असेल? ज्याची तुळस अंगणात घट्ट रुजली आहे, त्याने दुसऱ्याच्या अंगणात डोकावण्यास भ्यावयाचे कारण नाही. भाऊबीजेला बहिणीच्या ओवाळणीत यंदा ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत ठेवावी, एवढेच सुचवून आम्ही सर्व वाचकांना दीपावलीचे अभीष्ट चिंतितो.