थांबलेली मोटर म्हणजे बंद मोटर नव्हे

हिंदुस्थान मशीन टूल्स या संस्थेची स्थापना 1953 साली बंगळुरात झाली आणि यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांची विद्या या नगरीत रुजली. त्या विद्येचा लहानसा अंश आता घराघरांतून पोहोचला आहे. जयनगरातील एखादा विद्यार्थी एस. पी. रोडवरून स्टेपर मोटर व तिचा ड्रायव्हर विकत आणून घरच्या मेजावर कोरीवकामाचे यंत्र उभारू शकतो. अशा मराठी भाषिक विद्यार्थ्यासाठी लिहावयाच्या माहितीपत्रकात कोणते शब्द योजावेत, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. त्यात हातापायांच्या सुरक्षिततेचाही संबंध येतो.

प्रथम जोडणी पाहू. सर्वसाधारण स्टेपर मोटर एका पावलात 1.8 अंश फिरते. म्हणजे एका फेऱ्यास 200 पावले होतात. ड्रायव्हरने पावलाचे 16 भाग केल्यास 3200 स्पंद लागतात. चार तारांच्या मोटरीत दोन वेटोळी असतात. तारांचे रंग सर्व कारखान्यांत सारखे नसतात. म्हणून मल्टिमीटरने ज्या दोन तारांमध्ये मार्ग अखंड आढळेल, ती एक जोडी समजावी. जोड्यांची सरमिसळ झाल्यास मोटर फिरण्याऐवजी थरथरते. एकाच जोडीची टोके बदलली गेल्यास ती फक्त उलट दिशेस फिरते.

ड्रायव्हरला मुख्यतः तीन संकेत द्यावयाचे असतात. पहिला स्पंदाचा, दर स्पंदास मोटर एक पाऊल टाकते. दुसरा दिशेचा, तो स्पंदाच्या किंचित आधी स्थिर झालेला असावा लागतो. तिसरा 'एनेबल'. याचे भाषांतर पुष्कळदा 'चालू' असे केले जाते, आणि घोटाळा होतो तो येथेच. स्पंद थांबले की मोटर थांबते. परंतु वेटोळ्यांतील प्रवाह थांबत नाही. तोच प्रवाह आसाला जागच्या जागी धरून ठेवतो, आणि म्हणूनच स्थिर मोटरही हाताला गरम लागते. एनेबल काढून घेताच ही पकड सुटते. उभ्या अक्षावर जड अवजार टांगलेले असेल, तर ते खाली घसरते. त्याखाली एखाद्याचा हात असणे अशक्य नाही. शिवाय काही ड्रायव्हरांत हे अग्र मोकळे ठेवल्यास पकड कायम राहते व तेथे संकेत दिल्यास ती सुटते. काहींत नेमके उलट घडते. 'चालू' या शब्दाने यांतील काहीच कळत नाही.

कोणी म्हणेल, नवा संस्कृत शब्द घडवावा; कोणी म्हणेल, इंग्रजी शब्द तसाच ठेवून पुढे जावे. आमच्या मते दोन्ही मार्ग अपुरे आहेत. पहिल्याने विद्यार्थ्याला फलकावरील अक्षरांशी मेळ घालता येत नाही. दुसऱ्याने अक्षरे ओळखू येतात, पण धोका कळत नाही. छापलेले नाव 'एनेबल' असेच राहू द्यावे आणि त्याच्या शेजारी स्वच्छ मराठीत लिहावे: 'मोटरीची पकड धरणे व सोडणे'.

हाच नियम सूचनांनाही लावावा. 'वीज चालू असताना मोटरीची तार काढू नये' एवढेच सांगून भागत नाही. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटला, की त्याच्या टोकांशी मोठा दाब उत्पन्न होतो व ड्रायव्हर जळू शकतो, हे कारणही तेथेच दिले पाहिजे. कारण कळलेला माणूस घाईच्या वेळीही सूचना विसरत नाही. आणि कारण समजावून सांगण्यास आपली मराठी पूर्णपणे समर्थ आहे.