खडीचा रस्ता आणि हौशी सायकलस्वार

माणदेशातील आमच्या तालुक्यात येत्या हिवाळ्यात खडी-मुरमाच्या रस्त्यांवरून साठ किलोमीटरची सायकलफेरी काढण्याचा बेत काही उत्साही तरुणांनी आखला आहे. या प्रकारास हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. नियोजनाच्या बैठकीस मला बोलावले ते बहुधा अध्यक्षाची खुर्ची भरावी म्हणून. परंतु तेथे आलेल्या एका ठरावामुळे मला गप्प बसवेना. हे रस्ते आहेत तसेच राहावेत, त्यांवर डांबर टाकू नये, असे निवेदन जिल्हा परिषदेस द्यावे, असा तो ठराव होता.

समर्थनार्थ इटलीचा दाखला देण्यात आला. दाखला खोटा नाही. टस्कनीतील गायोले या गावी १९९७ साली जानकार्लो ब्रोची यांनी ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली, तेव्हा तीत ९२ जण होते. तेथील पांढरे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हाच तिचा हेतू होता. परंतु त्या देशात पक्के रस्ते आधी झाले आणि मग उरलेल्या कच्च्या रस्त्यांचे मोल लोकांस कळले. आमच्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या बाळंतिणीस आरोग्य केंद्रात नेणारी जीप याच खडीवरून हादरे खात जाते. तिला दुसरी वाट नाही.

हे रस्ते आले कोठून, हे बैठकीतील एकासही ठाऊक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. माझी आई याच रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असे. बोटे ठेचू नयेत म्हणून ती त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळी. दुपारी सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. हातांना काम देणे हा त्या योजनेचा हेतू, रस्ता हे त्याचे फलित. खडी पसरली, मुरूम दाबला, पाऊस आला, माणसे आपापल्या शेतावर परतली आणि काम तेथेच थांबले. ज्यास आमचे तरुण मित्र निसर्गसौंदर्य समजतात, ते वस्तुतः अर्धवट राहिलेले सार्वजनिक काम आहे.

सायकलफेरीस माझा विरोध नाही. उलट ती व्हावीच. मात्र रविवारी नको, कारण त्या दिवशी आठवडी बाजार असतो आणि बाजारकऱ्यांची वाट अडवून कोणी हौस भागवू नये. प्रवेशशुल्क पाचशे रुपये ठरले आहे. दुसऱ्यांच्या श्रमाने झालेल्या रस्त्यावर बसून वसूल केलेल्या अशा रकमेस अर्थशास्त्रात आम्ही खंड म्हणत असू. शहरातून येणाऱ्यांनी तो खुशाल द्यावा. गावकऱ्यांकडून एक पैही घेऊ नये. आणि रुंद टायरची सायकलच हवी ही अट तर काढलीच पाहिजे. हायस्कूलच्या मुली साध्या सायकलींवरून रोज बारा किलोमीटर याच खडीवर कापतात. त्यांच्याइतका या वाटेचा सराव कोणास आहे?

ठराव तूर्त मागे ठेवला आहे. तो प्रथम ग्रामसभेपुढे मांडावा, अशी सूचना मी केली. सभेची तारीख ठरली की सायकलस्वारांनी अवश्य यावे, आणि शक्य तर पावसाळ्यातच, सायकलवरून.