दुसऱ्या प्रारंभाचे वाङ्मय

वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला मराठी वाचकाने एकच भूमिका देऊन ठेवली आहे, ती विनोदाची. पु. ल. देशपांडे यांच्या १९५८ सालच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ आठवावा. पंत वजन घटवण्याचा निश्चय करतात, सारी चाळ सल्ले द्यायला धावते आणि निश्चयाचा फज्जा होतो. हे प्रकरण आम्ही वर्गात अनेकदा शिकवले आणि विद्यार्थ्यांबरोबर मनमुराद हसलो. अलीकडे मात्र ते शिकवताना आम्ही थोडे अवघडतो.

कारण आमची गोष्ट पंतांच्या गोष्टीनंतर सुरू होते. पंचेचाळिशीत आम्ही तेरा किलो वजन खरोखरच उतरवले होते. पहाटे वसईच्या किल्ल्याच्या रस्त्याने धावायचे आणि रविवारी विरारला जीवदानीच्या सुमारे तेराशे पायऱ्या चढायच्या, असा क्रम होता. वसई-विरारची महापौर मॅरेथॉन २०११ पासून भरू लागली. २०१९ साली तिच्यातील अर्धमॅरेथॉनचे एकवीस किलोमीटर आम्ही पार केले. पुढे टाळेबंदी आली, घरात आजारपण आले, आणि मग विरार लोकलने पुन्हा सकाळ-संध्याकाळचे तास गिळायला आरंभ केला. तेरापैकी अकरा किलो परतले आहेत. वडिलांना मधुमेह होता. आमच्याही रक्तातील साखर आता त्याच्या उंबरठ्यावर आहे.

पहिल्यांदा धावणाऱ्याचे कौतुक होते. दुसऱ्यांदा तोच रस्ता धरला, की ओळखीचे लोक विचारतात, “मध्ये सोडलं होतंत वाटतं?” प्रश्न साधा, पण त्यापायी आम्ही दोन महिने किल्ल्याकडे फिरकलो नाही. तेव्हा जाणवले, की अडचण शरीराइतकीच कथनाचीही आहे. वजन उतरले की विजय आणि वाढले की पतन, अशी पाप-प्रायश्चित्ताची संहिता आपण या विषयावर लादली आहे. तीत दुसऱ्या प्रारंभाला जागाच नाही.

विज्ञान ही संहिता मान्य करत नाही. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी वजन घटवलेल्या लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली आढळली. म्हणजे गमावलेले वजन परत मिळवण्यासाठी शरीर स्वतःच झटत असते. आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. उंचीच्या मानाने वजन सारखेच असले, तरी भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परतताना बहुतांशी चरबीच येते. म्हणून पन्नाशीतल्या माणसाने केवळ धावून भागत नाही. स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा.

ही पळवाट नव्हे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते नव्हे. शरीराचा विरोध ठाऊक असणाऱ्याला अधिक चिकाटी लागते, कारण त्याला अखेरच्या विजयाचे आमिष उरत नाही. शिवाय काटा जागचा हलला नाही तरी नियमित चालण्याने साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. ज्याचे लक्ष केवळ काट्यावर असते, तो हा लाभ पदरात पडण्याआधीच व्यायाम सोडतो.

मराठीत या प्रसंगासाठी एक शब्द तयार आहे. तुरुंगवासानंतर टिळकांनी ४ जुलै १८९९ च्या ‘केसरी’त पुन्हा लेखणी धरली, तेव्हा अग्रलेखाचे शीर्षक होते ‘पुनश्च हरिः ॐ’. थोरांशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. शब्द मात्र उचलण्याजोगा आहे. त्यातील ‘पुनश्च’मध्ये खंड पडल्याची कबुली आहे, पण क्षमायाचना नाही.

आता आम्ही पुन्हा किल्ल्याच्या रस्त्यावर असतो. धावत नाही, चालतो. आठवड्यातून दोनदा घरीच बैठका काढतो. “मध्ये सोडलं होतंत?” असे कोणी विचारले, की “हो, सोडलं होतं” म्हणतो आणि पुढे चालू लागतो.