टी.व्ही.ला वायफाय द्या, पण गल्ल्यापासून लांब

खाली दुकान आणि वर घर ही आपल्या बाजारपेठांची जुनी रीत आहे. भिवंडी घ्या, मालेगाव घ्या, कापडाच्या ठाणांमागून जिना वर जातो आणि वर कुटुंब राहते. इंटरनेटची जोडणी बहुधा एकच असते. एकाच राउटरवर दुकानाचा बिलाचा संगणक, जी.एस.टी.चे विवरण, ई-वे बिल आणि बँकेचा व्यवहार चालतो. त्याच राउटरवर आता दिवाणखान्यातला स्मार्ट टी.व्ही., साउंडबार आणि स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्सही आला आहे. टी.व्ही. बसवणारा मुलगा पासवर्ड विचारतो, घरातले कोणीतरी सांगून टाकते. चित्र दिसले की सगळे खूश!

या पद्धतीला आमचा विरोध आहे. स्मार्ट टी.व्ही. हा पडदा लावलेला संगणकच होय, आणि दुकानाच्या वायफायवर तो हिशेबाच्या संगणकाचा शेजारी होऊन बसतो. अनोळखी माणसाला आपण बैठकीत बसवतो, चहा देतो, पण गल्ल्याच्या गादीवर बसवत नाही. या यंत्रालाही तोच कायदा लावावा.

भीती पोकळ नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने ‘बॅडबॉक्स 2.0’ नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. स्वस्त टी.व्ही. बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटोफ्रेम अशा वस्तूंत, काहींत तर विक्रीपूर्वीच, घातक प्रोग्राम शिरलेला सापडला. अशी वस्तू घरच्या वायफायला जोडली की लबाड लोक आपल्याच जोडणीच्या आडून आपले उद्योग करतात. पुढच्याच महिन्यात गूगलने हे जाळे चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला व बाधित यंत्रांची संख्या 1 कोटीच्या वर सांगितली. इशाऱ्यातल्या खुणा ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत: कंपनीचे नाव कधी ऐकलेले नसते, ‘सगळे चॅनेल फुकट’ अशी जाहिरात असते, आणि गूगलचे ‘प्ले प्रोटेक्ट’ बंद करायला सांगितले जाते. कापडाच्या बाजारात इतक्या खुणांवर आपण माल परत पाठवला असता.

नावाजलेला माल घेतला म्हणजे निश्चिंत, असेही नाही. 1 कोटी 10 लाख टी.व्ही.वर कोण काय पाहतो याची माहिती संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून व्हिझिओ या अमेरिकी कंपनीने 2017 मध्ये 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

उपाय खर्चाचा नाही. बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. त्यावर जोडलेल्या यंत्राला इंटरनेट मिळते, पण मुख्य नेटवर्कवरचा संगणक दिसत नाही. टी.व्ही., बॉक्स, साउंडबार सगळे तिकडे घालावे व पासवर्ड वेगळा ठेवावा. जोडणाऱ्याकडून ‘गेस्ट एकमेकांना व मुख्य नेटवर्कला पाहू शकत नाही’ हे समोर तपासून घ्यावे, कारण काही राउटरमध्ये ही बंदी हाताने लावावी लागते. राउटरच्या सेटिंगचा मूळचा पासवर्डही त्याच बैठकीत बदलावा. एक गैरसोय आहे, ती आधीच सांगतो. फोनवरचे चित्र टी.व्ही.वर पाठवायचे तर फोनही तेवढ्यापुरता गेस्टवर न्यावा लागतो, आणि ही बंदी फार कडक असेल तर तेही जमत नाही. मुले कुरकुर करतील.

चित्र अडकते म्हणून पुष्कळ लोक महागडा प्लॅन घेतात. 4-के चित्राला नेटफ्लिक्स 15 एमबीपीएस वेग पुरेसा मानते. खरी अडचण भिंतींची असते. 2.4 गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे बरे पोहोचते, पण दाट वस्तीत शेजारपाजाऱ्यांच्या वायफायची त्यावर गर्दी होते, कारण एकमेकांत न मिसळणारे पट्टे त्यात तीनच आहेत. 5 गिगाहर्ट्झला जागा मोकळी आणि वेग जास्त, मात्र दोन भिंतींत दम जातो. म्हणून राउटर वर, टी.व्ही.च्या खोलीजवळ ठेवावा, टी.व्ही.ला गेस्टचे 5 गिगाहर्ट्झ द्यावे आणि खालच्या बिलाच्या संगणकाला तार ओढावी. कॅट-6 तार 100 मीटरपर्यंत चालते. जोडणारे लोक उलट करतात, तार टी.व्ही.ला आणि वायफाय हिशेबाला. साध्या राउटरमध्ये तारेने जोडलेला टी.व्ही. गेस्टमध्ये न जाता थेट मुख्य नेटवर्कवर येतो, हे त्यांना ठाऊक नसते किंवा सांगायला सवड नसते.

आपली पुष्कळ मुले मोबाईल व टी.व्ही. दुरुस्तीत आहेत. त्यांनी हे वेगळे जोडण्याचे काम शिकून त्याची मजुरी बिलावर स्वतंत्र लिहावी. व्यापाऱ्यांनी ती घासाघीस न करता द्यावी, कारण खातेवहीत एकट्या आपलीच रक्कम नसते, उधारीवर माल घेणाऱ्या शंभर घरांची नावे असतात.