दोन वह्यांचा कर

रात्री साडेअकराला भाची जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. चेहरा असा, की चहा हवा का हे विचारायचीही भीती वाटावी. परीक्षा अमेरिकेतली सीपीए, म्हणजे आपल्या सीएसारखी तिकडची परवान्याची परीक्षा. 2020 पासून ती मुंबईत बसून देता येते. पूर्वी त्यासाठी दुबईसारख्या ठिकाणी जावं लागे. प्रत्येक पेपर चार तासांचा आणि उत्तीर्ण व्हायला 75 हवेत. करांच्या पेपरात मागच्या खेपेला तिला 72 मिळाले होते. तीन कमी! फी गेली, सहा महिने गेले.

‘‘मामा, हे एएमटी काही केल्या डोक्यात राहत नाही रे. काय मिळवायचं, काय वजा करायचं, सकाळपर्यंत सगळं पुसलेलं असतं.’’

तिची वही पाहिली. बावीस बाबींची यादी, प्रत्येकीचं पहिलं अक्षर घेऊन केलेला एक अगम्य मंत्र. मंत्र पाठ होता, पण कशाचा ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘‘यादी मिट. हा कर आला कुठून, ते आधी पाहू.’’

जानेवारी 1969 मध्ये अमेरिकेचे मावळते अर्थमंत्री जोसेफ बार यांनी त्यांच्या संसदेपुढे सांगितलं, की वर्षाला दोन लाख डॉलरांहून जास्त मिळकत असलेल्या 155 जणांनी प्राप्तिकर म्हणून एक छदामही भरलेला नाही. चोरी केली म्हणावं, तर तसंही नाही. कायद्यातल्याच सवलती त्यांनी एकावर एक रचल्या होत्या. लोक खवळले आणि त्याच वर्षी किमान कर आला. आजचं त्याचं रूप नंतरच्या कायद्यांतलं. आपल्याकडेही 1987 च्या अर्थसंकल्पात, भरपूर नफा दाखवून शून्य कर भरणाऱ्या कंपन्यांसाठी हाच विचार झाला होता.

म्हणजे सरकार दोन वह्या ठेवतं. पहिलीत नेहमीचे नियम, सगळ्या सवलती. दुसरी वही खडूस. ती बऱ्याच सवलती परत मिळकतीत मिळवते, मग एक ठोक रक्कम सोडून देते आणि उरलेल्यावर 26 किंवा 28 टक्के लावते. दुसऱ्या वहीचा आकडा मोठा निघाला, तर वरचा फरक म्हणजे एएमटी.

‘‘आता तुझ्या बावीस बाबींचे दोनच ढीग कर,’’ मी म्हटलं. एक ढीग उचलीसारखा. दिवाळीला पगारातून उचल घेतली, तर पुढे ती कापली जाते. एकूण पगार तोच, फक्त वेळ बदलते. यंत्राचा घसारा किंवा कंपनीने नोकरदाराला सवलतीने देऊ केलेले शेअर, हे या ढिगात. यांच्यामुळे एएमटी भरावा लागला, तर पुढच्या वर्षांत तो वळता करून मिळू शकतो. दुसरा ढीग कायमचा. राज्याला भरलेल्या कराची वजावट किंवा सरसकट मिळणारी वजावट, यांना दुसरी वही ओळखतच नाही. तिथे गेलेला पैसा गेला.

ती गप्प झाली. मग तिने मंत्रावर काट मारली आणि नवं पान घेतलं. आम्ही 2025 च्या आकड्यांनी एक उदाहरण केलं. एकटा नोकरदार, पगार 1,20,000 डॉलर. कंपनीच्या योजनेत त्याने 5,000 शेअर एक डॉलर भावाने घेतले, त्या दिवशी बाजारभाव 41. विकले नाहीत, नुसते ठेवले. पहिल्या वहीत या शेअरची नोंदच नाही. कर सुमारे 17,900. दुसऱ्या वहीत 2,00,000 चा नफा धरला जातो. एकूण 3,20,000, त्यातून सूट 88,100, उरलेल्याचे 26 टक्के म्हणजे 60,294. फरक सुमारे 42,400 डॉलर. आणि हातात काय? कागद.

हे पुस्तकी नाही बरं का. 2000 साली अमेरिकेत संगणक कंपन्यांचे भाव कोसळले, तेव्हा असंख्य नोकरदारांची हीच गत झाली. वर्षभर ठेवले तर कर कमी पडेल म्हणून शेअर धरून बसले. भाव मातीमोल झाला, पण कर घेतल्या दिवसाच्या भावाने. काहींचा कर शेअरच्या उरलेल्या किमतीहून जास्त निघाला. संसदेला 2006 आणि 2008 मध्ये कायदे करून त्यांना दिलासा द्यावा लागला. तोवर कित्येकांच्या घरांवर बेतलं होतं.

‘‘आणि त्याच वर्षात विकले असते तर?’’ भाचीने विचारलं.

‘‘तर दुसऱ्या वहीतली ती नोंदच उरत नाही. भाव पडलेला असेल, तर जेवढा नफा खरोखर हातात आला तेवढ्यावरच साधा कर.’’

तिने पेन खाली ठेवलं. तिचा मावसभाऊ कॅलिफोर्नियात एका कंपनीत आहे. मार्चमध्ये कंपनीचे शेअर घेतले म्हणून त्याने घरी पेढे वाटायला लावले होते. त्यानंतर भाव निम्म्यावर आला होता, आणि आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात नोव्हेंबरचं शेवटचं पान होतं.

रात्रीचा एक, म्हणजे तिकडे सकाळ. तिने फोन लावला. ‘‘दादा, ते शेअर ठेवलेस की विकलेस? ठेवलेस? मग तुझ्या करसल्लागाराला आजच्या आज विचार, एकतीस डिसेंबरच्या आत काय करायचं ते. नाही रे, गंमत नाही. कागद-पेन घे, मी आकडे सांगते.’’

अर्धा तास ती त्याला दोन वह्या समजावत होती. यादीकडे एकदाही पाहिलं नाही. मी चहा टाकायला उठलो.