कॅमेऱ्याचे दोन पडदे

विवाहमंडपांत मंगलाष्टकें संपतांच अंतरपाट दूर होतो. क्षणभर आधीं नाहीं कीं नंतर नाहीं. फोटोच्या कॅमेऱ्यांतही असाच एक अंतरपाट असतो. त्यास शटर म्हणतात. भिंगांतून येणारा प्रकाश आणि फिल्म यांच्यामध्यें तो उभा असतो व ठरलेल्या वेळेपुरताच बाजूस सरतो. ही वेळ सेकंदाचा हजारावा भागही असूं शकते.

जर्मनींत ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेंतून निघालेला लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला. भिंगाशीं जोडलेला अंतरमापक त्या जातीस १९३२ मध्यें मिळाला. त्याच धर्तीवर सोव्हिएट रशियांत १९४८ पासून झॉर्की कॅमेरे निघूं लागले. या कॅमेऱ्यांत रबर चढविलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे रुळांवर गुंडाळलेले असतात. कळ दाबतांच पहिला पडदा धांवतो, मागोमाग दुसरा. दोहोंमधील फट हाच प्रकाशाचा मार्ग. वेग जेवढा अधिक, तेवढी फट अरुंद. सर्वांत मोठ्या वेगास ती एकदोन मिलिमीटरचीच उरते.

आमच्या राहात्यांत एका परिचित घरीं असा झॉर्की-४ आहे. घरधनी निवर्तल्यावर तो बरींच वर्षें कपाटांत पडून होता. नातवाची मुंज ठरली, तेव्हां आजीबाईंनीं इच्छा बोलून दाखविली कीं, फोटो आजोबांच्याच कॅमेऱ्यानें निघावे. मुलानें एक रीळ घालून पाहिलें. पुष्कळ फोटोंत त्याच त्याच जागीं पांढरे ठिपके उमटले, आणि भर उन्हांत काढलेल्यांची एक बाजू काळवंडली. कॅमेरा कामांतून गेला, असेंच सर्वांनीं धरलें.

वस्तुतः हे दोन निरनिराळे रोग आहेत. ठिपके म्हणजे पडद्यास पडलेलीं सूक्ष्म छिद्रें. भिंग काढून, पाठ उघडून, अंधाऱ्या खोलींत समोर दिवा धरला कीं तीं ताऱ्यांसारखीं चमकतात. पडदे चढवून व सोडून, अशी दोनदां परीक्षा करावी. काळवंडलेली बाजू मात्र गतीचा दोष सांगते. आंतील जुनें वंगण सुकून घट्ट झालें कीं पहिला पडदा रेंगाळतो, दुसरा त्यास वाटेंतच गांठतो आणि फट मिटत जाते. अरुंद फटीस हें अधिक बाधतें, म्हणून मोठ्या वेगावरच दोष ठळक दिसतो.

येथें घरगुती उपायांचा मोह आवरावा. शिवणयंत्राचें तेल आंत सोडूं नये; तें पसरतें व धूळ धरतें. स्प्रिंग अधिक ताणल्यानें पडदा कांहीं दिवस धांवेल, पण घाण तशीच राहील. छिद्रांवर लवचिक काळ्या रंगाचा पातळ हात तात्पुरता चालतो. जाड थर दिला तर पडदा रुळावर नीट गुंडाळला जात नाहीं. कापडच ताठर झालें असेल तर तें बदलणें हाच मार्ग, आणि तें काम सरावलेल्या हाताचें आहे.

मुंजीस दीड महिना होता. आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं, मुंज पुन्हा होत नाहीं. दुरुस्तीनंतरचें रीळ स्वच्छ आलें तरच यावर विसंबावें, आणि तरीही खिशांतला फोन जवळ असूं द्यावा. पुण्याच्या एका वृद्ध कारागिरानें यंत्र धुऊन पडदे बदलले. परीक्षेचें रीळ निर्मळ आलें. मातृभोजनाचा फोटो त्याच कॅमेऱ्यानें निघाला.

ज्यांच्या घरीं असा कॅमेरा असेल, त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. भिंगावर नेहमीं झांकण ठेवावें. या जातीच्या कॅमेऱ्यांत मध्यें आरसा नसल्यानें उन्हांत उघडें राहिलेलें भिंग सूर्याचा किरण थेट पडद्यावर एकवटतें व कापड जाळतें. झॉर्कीचा वेग पडदे चढविल्यानंतरच बदलावा, अन्यथा आंतील योजना बिघडते. आणि महिन्यांतून एकदां, फिल्म नसली तरी, सर्व वेगांवर कळ दाबून पाहावी. मात्र कॅमेरा चढविलेल्या स्थितींत ठेवून देऊं नये. जीर्णोद्धारास आपल्याकडे मोठें पुण्य मानिलें आहे. पण जी वस्तु वापरांत असते, तिच्यावर जीर्णोद्धाराची पाळी उशिरां येते.